उपचार संपल्यानंतरची देखभाल : सजगतेचा सराव टिकवण्याचे अर्थशास्त्र

विकासाच्या अर्थशास्त्रात एक जुना आणि कटू अनुभव आहे. धरणाच्या बांधकामासाठी निधी उपलब्ध होतो, कालव्याचे उद्घाटन थाटात होते. परंतु कालव्यातील गाळ काढणे, फुटलेल्या चाऱ्या दुरुस्त करणे, दारे बदलणे यांसाठी पुरेशी तरतूद होत नाही. काही वर्षांतच टोकाच्या शेतकऱ्यापर्यंत पाणी पोहोचेनासे होते आणि मग त्याच कालव्याच्या नूतनीकरणासाठी नव्याने मोठा खर्च करावा लागतो. 'बांधा, दुर्लक्ष करा, पुन्हा बांधा' अशा शब्दांत सिंचनाच्या अभ्यासकांनी या दुष्टचक्राचे वर्णन केले आहे. गावातील हातपंप, शाळेचे छप्पर, खेड्याला जोडणारा रस्ता यांबाबतही हाच अनुभव येतो. भांडवल उभे करणे आणि ते कार्यक्षम राखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरी गोष्ट नेहमीच उपेक्षित राहते.

मनाच्या आरोग्याबाबतही हेच घडते. नैराश्य किंवा चिंता यांसाठी मानसोपचार घेतलेली व्यक्ती काही आठवडे समुपदेशकाकडे जाते, सजगतेचा सराव शिकते, तिला बरे वाटू लागते आणि उपचार संपतात. येथून पुढे काय करावयाचे, याची तरतूद मात्र क्वचितच केलेली असते. काही महिन्यांत सराव मागे पडतो आणि अनेकदा दुखणे उलटते. यात व्यक्तीची चिकाटी कमी पडली, असा निष्कर्ष आपण सहज काढतो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन वेगळे आहे. सराव खंडतो तो प्रामुख्याने देखभालीची व्यवस्था नसते म्हणून, आणि अशी व्यवस्था अगदी अल्प साधनांत उभी करता येते.

सजगता म्हणजे काय?

'माइंडफुलनेस' या संज्ञेसाठी मराठीत सजगता हा शब्द आता रूढ होत आहे. या क्षणी जे घडत आहे, म्हणजे श्वासाची ये-जा, शरीरातील संवेदना, मनात उमटणारे विचार, त्यांकडे हेतुपूर्वक आणि लगेच बरे-वाईट न ठरवता लक्ष देणे, असा तिचा थोडक्यात अर्थ सांगता येईल. या पद्धतीचे मूळ बौद्ध परंपरेतील 'सति' या संकल्पनेत आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये दीर्घकालीन वेदना व ताणतणाव असलेल्या रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा एक अभ्यासक्रम सुरू केला. धार्मिक विधींपासून वेगळी केलेली ही पद्धत तेथून रुग्णालयांत पोहोचली.

पुढे झिंडेल सीगल, मार्क विल्यम्स आणि जॉन टीसडेल या तीन मानसशास्त्रज्ञांनी तिची सांगड बोधनिक उपचारपद्धतीशी घातली. त्यांच्यासमोरचा प्रश्न नेमका होता : नैराश्यातून बरा झालेला माणूस पुन्हा आजारी का पडतो? नैराश्याचा आजार एकदा येऊन गेल्यावर तो पुन्हा येण्याची शक्यता बरीच असते आणि प्रत्येक वेळी ती वाढत जाते. याचे एक कारण असे दिसून आले, की ज्यांना हा आजार अनेकदा झाला आहे, त्यांच्या मनात साध्या, क्षणिक उदासीबरोबर जुन्या नकारात्मक विचारांची संपूर्ण साखळी जागी होते. 'आज मन खिन्न आहे' येथून 'मी निरुपयोगी आहे' येथपर्यंतचा प्रवास नकळत आणि वेगाने होतो. सजगतेचा सराव ही साखळी तिच्या पहिल्याच कडीपाशी ओळखावयास शिकवतो. विचार हा केवळ विचार आहे, वस्तुस्थिती नव्हे, हे सरावानेच उमगते. ते व्याख्यान ऐकून उमगत नाही.

या पद्धतीचा पहिला मोठा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १४५ रुग्णांचा समावेश होता. ज्यांना पूर्वी तीन किंवा अधिक वेळा नैराश्याचा आजार झाला होता, त्यांच्यापैकी नेहमीचेच उपचार चालू असलेल्या गटात साठ आठवड्यांच्या काळात ६६ टक्के व्यक्तींचे दुखणे उलटले. सजगतेचे प्रशिक्षण घेतलेल्या गटात हे प्रमाण ३७ टक्के होते. ब्रिटनमधील राष्ट्रीय मार्गदर्शक संस्थेने २००४ मध्ये अशा रुग्णांसाठी या पद्धतीची शिफारस केली. २०१६ मध्ये नऊ अभ्यासांतील १,२५८ रुग्णांच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण झाले. त्यातही साठ आठवड्यांच्या कालावधीत दुखणे उलटण्याचा धोका सुमारे ३१ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसून आले.

हे आकडे आशादायक आहेत. तथापि त्यांचा अर्थ नीट समजून घ्यावयास हवा. आठ आठवड्यांचा वर्ग म्हणजे उपचाराची पूर्तता नव्हे. तो कालवा खोदून देतो. पाणी खेळते ठेवण्याचे काम त्यानंतर सुरू होते.

सराव का खंडतो?

या प्रश्नाकडे अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिल्यास चार कारणे स्पष्ट होतात.

पहिले कारण खर्च आणि लाभ यांच्या काळातील अंतराचे आहे. सरावाची किंमत आज, पहाटेच्या झोपेच्या किंवा कामाच्या वेळेच्या रूपाने मोजावी लागते. लाभ मात्र काही महिन्यांनंतर आणि तोही संभाव्य स्वरूपाचा असतो. नजीकच्या सुखाला माणूस अवाजवी महत्त्व देतो, हे वर्तनवादी अर्थशास्त्राने वारंवार दाखवून दिले आहे. स्टेफानो डेलाविन्या व उलरिके माल्मेंडियर यांनी अमेरिकेतील व्यायामशाळांच्या सदस्यांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध केला. दरमहा सत्तर डॉलरहून अधिक वर्गणी भरणारे सदस्य महिन्यातून सरासरी ४.३ वेळाच व्यायामाला येत होते. म्हणजे प्रत्येक भेटीसाठी ते सतरा डॉलरहून अधिक मोजत होते. त्याऐवजी दहा भेटींचा पास घेतला असता, तर दर भेटीला दहाच डॉलर पडले असते. 'उद्यापासून नियमित येईन' हा विश्वास प्रामाणिक होता. उद्या मात्र आजसारखाच निघाला.

दुसरे कारण असे, की प्रतिबंधाचा लाभ डोळ्यांना दिसत नाही. जो आजार उलटला नाही, त्याची नोंद कोठेही होत नाही. उलट बरे वाटू लागले, की सरावाची गरजच संपली असे वाटते. कालवा व्यवस्थित वाहत असताना गाळ काढण्याची आठवण कोणाला होते?

तिसरे कारण, उपचार संपताच बाहेरचा आधार एकदम काढून घेतला जातो. ठरलेला वार, ठरलेली वेळ, वाट पाहणारी एक व्यक्ती आणि 'या आठवड्यात किती वेळा बसलात?' हा साधा प्रश्न, या चार गोष्टींवर सराव उभा असतो. शेवटच्या भेटीनंतर त्या चारही एकाच दिवशी नाहीशा होतात.

चौथे कारण, सरावाचे माप चुकीचे ठरवलेले असते. वर्गात रोज चाळीस-पंचेचाळीस मिनिटे बसण्याचा परिपाठ असतो. नोकरी, शेती, घरकाम आणि मुलाबाळांचे करणे सांभाळणाऱ्या व्यक्तीस तो पुढे झेपत नाही. पंचेचाळीस मिनिटे जमत नाहीत म्हणून पाच मिनिटेही होत नाहीत.

येथे स्वतःचा अनुभव नमूद करणे मला आवश्यक वाटते. वयाच्या पन्नाशीत मला नैराश्याच्या आजारातून दोनदा जावे लागले. दुसऱ्या वेळी औषधांबरोबरच आठ आठवड्यांचे सजगतेचे प्रशिक्षण घेतले. त्यानंतर दहा-अकरा आठवडे मी रोज नेमाने बसत होतो. पुढे परीक्षांचा हंगाम आला, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे घरी आले आणि 'हे काम संपले की पुन्हा सुरू करू' असे मी स्वतःला सांगितले. काम संपले; सराव सुरू झाला नाही. तीन-चार महिन्यांनी पहाटे तीन-साडेतीनला जाग येऊ लागली, टपालाने आलेली पाकिटे न फोडता साचू लागली, मित्रांचे फोन मी टाळू लागलो. हे बदल माझ्याआधी माझ्या पत्नीच्या लक्षात आले. डॉक्टरांकडे वेळीच गेल्याने आजार बळावला नाही. कालव्यांच्या देखभाल खर्चावर वर्षानुवर्षे व्याख्याने देणाऱ्या माणसाने स्वतःच्या बाबतीत त्याच शीर्षाखाली शून्य तरतूद ठेवली होती, हे मात्र त्या वेळी प्रकर्षाने जाणवले.

किती सराव पुरेसा?

परिपूर्ण सरावाचा आग्रह धरणाऱ्यांना संशोधनाचे निष्कर्ष दिलासा देणारे आहेत. २०१७ मध्ये ४३ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. प्रशिक्षणाच्या काळातही लोक नेमून दिलेल्या घरच्या सरावापैकी सरासरी ६४ टक्केच, म्हणजे दिवसाला सुमारे अर्धा तास, सराव करतात, असे त्यात आढळले. सराव आणि लाभ यांचा संबंध लहान असला तरी निश्चित होता. ब्रिटनमधील आणखी एका अभ्यासात, जे रुग्ण प्रशिक्षणाच्या काळात आठवड्यातून किमान तीन दिवस घरी बसून सराव करत होते, त्यांचे दुखणे वर्षभरात उलटण्याचे प्रमाण त्याहून कमी सराव करणाऱ्यांच्या तुलनेत जवळपास निम्मे होते. अशा अभ्यासांतून कार्यकारणभाव पूर्णपणे सिद्ध होत नाही, कारण ज्यांची प्रकृती आधीच बरी असते, तेच अधिक नियमित बसत असण्याचीही शक्यता असते. तरीही व्यवहारात उपयोगी पडेल असा संकेत त्यातून मिळतो : रोजचा दीर्घ सराव साधत नसेल, तर आठवड्यातील तीन-चार दिवस सोडू नयेत.

सवय जडण्यास किती काळ लागतो, याविषयी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधन २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. एखादी साधी कृती आपोआप घडू लागण्यास सहभागी व्यक्तींना मध्यमानाने ६६ दिवस लागले. परंतु व्यक्तिपरत्वे हा कालावधी १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत होता. अधूनमधून एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्याच्या प्रक्रियेत फारसा फरक पडला नाही, हा त्यातील महत्त्वाचा निष्कर्ष होय. आठ आठवडे म्हणजे ५६ दिवस. अनेकांच्या बाबतीत सवय रुजण्यापूर्वीच वर्ग संपतो, हे यावरून लक्षात येईल.

देखभालीची व्यवस्था

या पार्श्वभूमीवर, उपचार संपत आलेल्या व्यक्तीने आपल्या समुपदेशकाच्या मदतीने शेवटच्या भेटीपूर्वीच पुढील गोष्टी लेखी ठरवाव्यात.

१. किमान माप ठरवावे. अतिशय धावपळीच्या दिवशीही जमेल इतकेच हे माप असावे; दहा मिनिटे पुरेत. प्रशिक्षणात शिकवला जाणारा तीन मिनिटांचा श्वासावकाश यासाठी उपयुक्त आहे. त्यात प्रथम मनाची व शरीराची सद्यःस्थिती पाहावयाची, मग लक्ष श्वासावर आणावयाचे आणि शेवटी ते संपूर्ण शरीरावर पसरवावयाचे असते. दीर्घ बैठक सुटीच्या दिवसासाठी ठेवावी.

२. सरावाला खुंटी द्यावी. 'वेळ मिळेल तेव्हा' हा संकल्प टिकत नाही. 'सकाळचा चहा होण्यापूर्वी', 'लोकलमध्ये बसायला जागा मिळाल्यावर', 'जनावरांना वैरण घातल्यानंतर' असा आधीच चालत असलेल्या कामाशी तो बांधावा. केव्हा, कोठे आणि कशानंतर हे निश्चित केलेले संकल्प अधिक प्रमाणात पार पडतात, हे मानसशास्त्रीय प्रयोगांतून दिसून आले आहे. आपल्याकडील नित्यनेमाची कल्पना याहून वेगळी नाही. नेमाला रोज नव्याने निर्णय घ्यावा लागत नाही आणि हेच त्याचे बळ आहे.

३. सोबत मिळवावी. फिलिपाइन्समध्ये अर्थशास्त्रज्ञांनी काही बँक ग्राहकांना, ठरावीक तारीख येईपर्यंत किंवा ठरावीक रक्कम जमेपर्यंत पैसे काढता येणार नाहीत, अशा खात्याचा पर्याय दिला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार २८ टक्के ग्राहकांनी तो स्वखुशीने स्वीकारला आणि ज्यांना हा पर्याय देण्यात आला, त्या गटाच्या बचतीतील वाढ वर्षभरात इतरांच्या तुलनेत ८१ टक्के बिंदूंनी अधिक राहिली. स्वतःच्या उद्याच्या मनावर आज बंधन घालणे लोकांना हवे असते. आपल्याकडील भिशी आणि महिला बचत गट याच तत्त्वावर चालतात. गटाच्या बैठकीचा दिवस ठरलेला असतो आणि न येणाऱ्या सभासदाची चौकशी होते. एकत्र प्रशिक्षण घेतलेल्या चार-पाच जणांनी आठवड्यातून एकदा एकत्र बसावे. ते शक्य नसल्यास घरातील किंवा शेजारील एका विश्वासू व्यक्तीला आठवड्यातून एकदा केवळ विचारण्याची जबाबदारी द्यावी.

४. खंड पडेल हे गृहीत धरावे. लग्नसराई, सुगी, प्रवास, आजारपण या काळात सराव थांबणारच. कोणताही अंदाजकर्ता अवर्षणाचे वर्ष वगळून नियोजन करत नाही. 'खंड पडला, की दुसऱ्या दिवशी तीन मिनिटांपासून सुरुवात' असा नियम आधीच केलेला असावा. खंडाबद्दल स्वतःला दोष देत बसणे ही नैराश्याच्या विचारसाखळीचीच एक कडी आहे. लक्ष भटकल्याचे ध्यानात येणे आणि ते हलकेच परत आणणे, हाच तर सजगतेचा गाभा आहे. सरावाकडे परत येणे हाही सरावच होय.

५. धोक्याच्या खुणा लिहून ठेवाव्यात. प्रत्येकाच्या खुणा वेगळ्या असतात : झोप मोडणे, अन्नावरची वासना जाणे, आंघोळ किंवा जेवण टाळणे, क्षुल्लक कारणावरून चिडणे, लोकांत जाणे नकोसे होणे. ही यादी आपल्याजवळ आणि घरातील एका व्यक्तीजवळ असावी. त्यांपैकी दोन-तीन खुणा आठवडाभर दिसल्यास काय करावयाचे आणि कोणाला भेटावयाचे, हेही त्याच कागदावर असावे.

६. जमाखर्च ठेवावा. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर सरावाच्या दिवशी एक फुली, एवढेच पुरे. महिन्याच्या अखेरीस केवळ फुल्या मोजाव्यात.

दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरांनी या प्रश्नाला आपल्या परीने दिलेले उत्तर या संदर्भात पाहण्यासारखे आहे. ब्रह्मदेशातून १९६९ मध्ये भारतात आलेल्या सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेत, शिबिर संपताना साधकाला सकाळ-संध्याकाळ प्रत्येकी एक तास बसण्याचा, आठवड्यातून एकदा इतरांसमवेत सामूहिक साधना करण्याचा आणि वर्षातून एकदा पुन्हा शिबिराला येण्याचा सल्ला दिला जातो. नाशिक जिल्ह्यातील इगतपुरीच्या केंद्रात गेलेल्या अनेक मराठी कुटुंबांना हा क्रम परिचित आहे. विपश्यना हा वैद्यकीय उपचार नव्हे आणि हे माप प्रत्येकाला झेपेल असेही नाही. परंतु दैनंदिन, साप्ताहिक आणि वार्षिक असे देखभालीचे तीन स्तर प्रशिक्षण संपतानाच सांगितले पाहिजेत, हा त्यातील विचार स्वीकारण्याजोगा आहे.

मर्यादा आणि दक्षता

कोणत्याही उपयुक्त साधनाप्रमाणे सजगतेलाही मर्यादा आहेत. ती औषधांची जागा आपोआप घेत नाही. ब्रिटनमध्ये ४२४ रुग्णांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सजगतेचे प्रशिक्षण घेऊन वैद्यकीय देखरेखीखाली औषधे हळूहळू कमी करणाऱ्या गटात दोन वर्षांत ४४ टक्के रुग्णांचे दुखणे उलटले. औषधे चालू ठेवणाऱ्या गटात हे प्रमाण ४७ टक्के होते. म्हणजे दोन्ही मार्ग साधारणतः सारखेच ठरले. यातून 'सराव सुरू केला, गोळ्या बंद केल्या' असा अर्थ काढणे धोक्याचे आहे. औषधांतील कोणताही बदल डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावा.

काही व्यक्तींना डोळे मिटून शांत बसल्यावर अस्वस्थता वाढते, जुने आघात उफाळून येतात. अशांनी डोळे उघडे ठेवून, चालताना किंवा एखादे काम करताना सराव करावा आणि त्रास कायम राहिल्यास थांबून तज्ज्ञांशी बोलावे. भ्रम किंवा भास यांचा आजार असलेल्यांनी तज्ज्ञांच्या देखरेखीशिवाय दीर्घ साधना करू नये. आत्मघाताचे विचार येत असतील, तर तो सराव वाढवण्याचा प्रसंग नसून तत्काळ मदत घेण्याचा प्रसंग होय.

सरसकट सर्वांना सजगता शिकवल्याने लाभ होतोच असेही नाही. ब्रिटनमधील शाळांत आठ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचा समावेश असलेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात नेहमीच्या शिक्षणाच्या तुलनेत या प्रशिक्षणाचा अधिक लाभ आढळला नाही. बहुतेक विद्यार्थ्यांनी घरी सराव केलाच नव्हता. ज्याला गरज आहे, त्याच्यापर्यंत पोहोचणे आणि सरावाला आधार देणे यावरच यश अवलंबून असते.

सार्वजनिक व्यवस्थेची भूमिका

आपल्या देशात या प्रश्नाची व्याप्ती मोठी आहे. बंगळुरूच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्थेने (निम्हान्स) २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के व्यक्तींना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार होता आणि नैराश्यासारख्या सामान्य मानसिक आजारांत सुमारे ८५ टक्के रुग्ण उपचारांपासून वंचित होते, असे त्यात आढळले. उपचार व त्यासाठीचा प्रवास यांवर कुटुंबांना दरमहा एक ते दीड हजार रुपये खर्च करावे लागत होते. ज्या देशात पहिला उपचार मिळणेच इतके दुर्मीळ आहे, तेथे उपचारानंतरच्या सरावाचा विचार ही चैन नव्हे काय, असा प्रश्न येथे उपस्थित होऊ शकतो. वस्तुस्थिती उलट आहे. तज्ज्ञांची संख्या तोकडी असताना तोच रुग्ण पुन्हा पुन्हा आजारी पडणे आपल्याला परवडणारे नाही. एकाचे दुखणे उलटणे टळले, तर रांगेतील दुसऱ्याला जागा मिळते. शिवाय त्या कुटुंबाची मजुरी, मुलांचे शिक्षण आणि घेतलेले कर्ज यांवरील आघातही टळतो.

हे काम केवळ तज्ज्ञांनीच करावयाचे आहे असेही नाही. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राबवलेला, २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग याची साक्ष देतो. त्यात मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, परंतु प्रशिक्षित अशा स्थानिक समुपदेशकांनी नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ भेटींत मदत केली. ही पद्धत सजगतेची नव्हती. रुग्णाला त्याच्या आयुष्यातील अर्थपूर्ण कामांकडे क्रमाक्रमाने परत नेण्याची होती. तिचा लाभ वर्षभरानंतरही टिकून होता आणि तो टिकण्यामागे रुग्णांनी स्वतः वाढवलेली कृतिशीलता हा एक दुवा होता. पद्धती वेगळी असली, तरी धडा तोच आहे. उपचार टिकतो तो रुग्ण घरी जे करत राहतो त्यामुळे.

आवश्यक त्या बहुतेक यंत्रणा देशात आज अस्तित्वात आहेत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ मध्ये सुरू झाला. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ ने मानसिक आरोग्यसेवा मिळवण्याचा हक्क मान्य केला. १० ऑक्टोबर २०२२ रोजी 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा सुरू झाली. तिच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मराठीसह विविध भाषांतून विनामूल्य मदत मिळते. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या विस्तारित सेवांत मानसिक आरोग्याचा समावेश असून तेथे योगाचे वर्गही घेतले जातात. या यंत्रणांना देखभालीच्या एका धाग्याने जोडणे एवढेच बाकी आहे.

त्यासाठी तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, उपचार संपताना प्रत्येक रुग्णाला त्याच्या भाषेतील एक पानाची देखभाल योजना द्यावी; त्यात सरावाचे किमान माप, धोक्याच्या खुणा आणि संपर्क क्रमांक असावेत. दुसरी, पुढील वर्षभरात दर तीन महिन्यांनी एक अशा चार उजळणी बैठका घ्याव्यात. वर उल्लेखिलेल्या २०१५ च्या ब्रिटिश अभ्यासात आठ आठवड्यांच्या वर्गानंतर नेमकी हीच तरतूद होती, हे लक्षात घेण्यासारखे आहे. तिसरी, आरोग्य मंदिरात आठवड्यातील एक तास बरे झालेल्या व्यक्तींच्या सामूहिक सरावासाठी राखावा आणि न येणाऱ्याची विचारपूस समुदाय आरोग्य अधिकारी किंवा आशा कार्यकर्तीने गुप्तता राखून करावी. यासाठी नवी इमारत लागत नाही. एक खोली, एक सतरंजी, एक प्रशिक्षित व्यक्ती आणि ठरलेला वार पुरेसा आहे. हा उपक्रम प्रथम काही जिल्ह्यांत राबवून, दुखणे उलटण्याच्या प्रमाणावर त्याचा काय परिणाम होतो हे मोजून, मगच त्याचा विस्तार करावा.

समारोप

२०१५ पासून २१ जून हा दिवस आंतरराष्ट्रीय योग दिन म्हणून साजरा होतो. संयुक्त राष्ट्रांनी २०२४ मध्ये २१ डिसेंबर हा जागतिक ध्यान दिन म्हणून घोषित केला. असे दिवस लोकजागृतीसाठी उपयुक्त आहेत. परंतु आजारातून उठलेल्या माणसाचा प्रश्न वर्षातील उरलेल्या दिवसांचा असतो. समारंभ संपल्यावर, समुपदेशकाच्या खोलीचा दरवाजा मागे लोटल्यावर, एखाद्या सामान्य मंगळवारी सकाळी तो दहा मिनिटे बसेल की नाही, यावर बरेच काही अवलंबून आहे.

सध्या माझी दिनदर्शिका महिन्यात अठरा-वीस फुल्या दाखवते. तीस कधीच होत नाहीत. दर रविवारी सायंकाळी आम्ही चौघे जण एकाच्या घरी अर्धा तास एकत्र बसतो आणि जो येत नाही त्याला त्याच रात्री फोन जातो. कालव्याच्या देखभालीसाठी पाणीवापर संस्था जे करते, त्याहून हे वेगळे नाही. उपचारावर झालेला खर्च, डॉक्टरांचे श्रम आणि कुटुंबाने सोसलेले कष्ट ही मोठी गुंतवणूक आहे. तिच्या रक्षणासाठी दिवसाची दहा मिनिटे आणि आठवड्याची एक भेट, एवढी तरतूद प्रत्येक बऱ्या झालेल्या व्यक्तीच्या आणि प्रत्येक आरोग्य केंद्राच्या अंदाजपत्रकात असावयास हवी.